पाटीवरची जयवंताबाई

जामचा चौक ओलांडून हिंगणघाटच्या बाजूला निघालं की कडुनिंबाच्या दोन झाडांखाली एक टिनाची खानावळ लागायची. तिला नाव नव्हतं. ट्रकवाले ‘बाईचं हॉटेल’ म्हणायचे आणि तेवढं पुरायचं. बाई म्हणजे जयवंताबाई. साठी ओलांडलेली, अंगाने काटक, बोलायला मिरचीसारखी. पहिल्यांदा पाहणारा माणूस तिला हमखास भांडी घासणारी समजायचा. एकदा ती सुनेसाठी पाटल्या घ्यायला हिंगणघाटच्या एका सराफाकडे गेली, तर नोकराने तिला न विचारताच चांदीच्या जोडव्यांकडे बोट दाखवलं.

“मले तिकडं काऊन धाडून राह्यला? पाटल्या दाखव,” ती म्हणाली. पाटल्या घेतल्या, पदरात बांधल्या आणि एसटीने परत आली.

खानावळ तिने आणि तिच्या नवऱ्याने, रूपरावने, मिळून उभी केली होती. लग्न झालं तेव्हा दोघं वेणा नदीच्या काठच्या गावातून जामला आले, ते तीन दगडांची चूल आणि एक तवा घेऊन. चंद्रपूरकडचे कोळशाचे ट्रक, हिंगणघाटच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी घेऊन नागपूरकडे जाणारे ट्रक, सगळे तिथे थांबायचे. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, ठेचा. एवढंच मिळायचं, पण ते कधीच कमी पडायचं नाही. रूपराव गेला, तरी चूल एक दिवसच बंद राहिली. कोरोनाच्या बंदीत ट्रक रस्त्याकडेला अडकून पडले, तेव्हा ओळखीचा-अनोळखी न पाहता तिने प्रत्येकाला जेवू घातलं. ते ड्रायव्हर पुढे वाट वाकडी करून तिच्याकडे येत. कोणी तिच्याजवळ घरच्यांसाठी घेतलेली साडी ठेवून जाई, कोणी ट्रकची दुसरी किल्ली. रस्त्याला लागून असलेली जागा तिच्या नावावर होती, गावाकडे ओलिताचं शेत होतं, आणि कोणापुढे मान खाली घालायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

तिचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. खानावळीत धूर इतका, की डोळे चोळतच जेवावं लागे. मागे नाल्याशिवाय दुसरी सोय नव्हती, त्यामुळे गाडीत बायामाणसं असली की लोक पुढे निघून जात. तिचा मुलगा धनंजय वर्षानुवर्षं सांगत होता, “आई, एक संडास बांधू.” ती म्हणायची, “इथं लोक जेवाले येते, राहाले नाई.” आणि विषय संपायचा.

धनंजय तिचा एकुलता एक. बी.कॉम. झालेला, कष्टाळू, निर्व्यसनी. भाजीबाजार, गॅस, लाकूडफाटा सगळं तोच पाहायचा. त्याला सलत होती ती एकच गोष्ट. कुठेही गेला की त्याची ओळख ‘खानावळवालीचा पोरगा’ अशी व्हायची. वर्ध्याजवळच्या नालवाडीतली अंकिता त्याला बायको म्हणून मिळाली, तेव्हा तिच्या घरच्यांनी लग्नाच्या पत्रिकेत ‘हॉटेल व्यावसायिक’ असं छापलं होतं. ते वाचून जयवंता पोट धरून हसली. धनंजय हसला नाही.

मग अंकिताच्या भावाने, मुकेशने, नालवाडीत बंगला बांधला आणि वास्तूला सगळ्यांना बोलावलं. छताला नक्षी, भिंतीत लपवलेले दिवे, जिन्याला काचेचा कठडा. पाहुण्यांना रांगेने न्हाणीघरसुद्धा दाखवत होते. जेवणाच्या वेळी जयवंता सवयीने वाढप्यांजवळ जाऊन उभी राहिली आणि भाताच्या भांड्यात डोकावली. तेवढ्यात मुकेशच्या नात्यातल्या एका बाईने तिला विचारलं, “तुम्ही स्वयंपाकवाल्यांसोबत आल्या काय?”

“नाई बाप्पा,” जयवंता म्हणाली, “मी असते त भात असा चिकट झाला असता काय?”

आजूबाजूचे हसले. धनंजय दोन हातांवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं. परतताना सेवाग्राम मागे पडलं.

“तुले काईच नाई वाटलं?” शेवटी त्याने विचारलं.

“काय वाटाचं? भात चिकटच होता.”

“आई, भाताचं नाई बोलून राह्यलो मी!”

त्याच महिन्यात त्याने नकाशा काढून आणला. टिनं काढून काचेचं हॉटेल बांधायचं. बँकेचा माणूस तयार होता, फक्त जागा जयवंताच्या नावावर असल्यामुळे तिची सही लागणार होती. ती आठवडाभर अडून बसली. जागा माझी, घाम माझा, मग अक्कल कोणाची, असं म्हणून त्याला उडवून लावू लागली. एका दुपारी तो तिच्यासमोर चुलीजवळ बसला. धुराने त्याचे डोळे लाल झाले होते, की आणखी कशाने, ते तिला कळलं नाही.

“आजपर्यंत तू म्हटलं तसंच झालं,” तो म्हणाला. “एक डाव त माह्यावर भरवसा ठेव.”

तिने सही केली.

हॉटेल उभं राहिलं. पुढे सगळी काच, दारात प्लास्टरचे दोन हत्ती, मध्ये रंगीत दिव्यांचं कारंजं. आडवा येतो म्हणून एक कडुनिंब पाडला. खालची माती झाकून लाल-पिवळे ब्लॉक बसवले. आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी क्रेनने एक भली मोठी पाटी वर चढवली. ‘हॉटेल जयवंता पॅलेस’. नावाच्या बाजूला एका बाईचा फोटो होता. जरीची साडी, गळ्यात ठसठशीत चपलाहार, कानात झुबे, गालावर एक सुरकुती नाही.

जयवंता खाली उभी राहून बराच वेळ पाहत राहिली.

“हे कोण होय?”

“तूच ना आई,” धनंजय कौतुकाने म्हणाला. “अंकितानं मोबाइलवर काढलता तो फोटो.”

“माह्या अंगावर हे कोणं घातलं?”

“कम्प्युटरवर घातलं. कशी भारी दिसून राह्यली पाह्य!”

“घालाचंच होतं त खरं घालाचं होतं,” ती म्हणाली आणि आत निघून गेली. तिला सोन्याचा सोस कधीच नव्हता. तरीही त्या दिवशी तिला फार राग आला, आणि तो नेमका कशाचा, हे तिला कोणाला सांगता येईना.

पहिले काही दिवस नातेवाईक, ओळखीचे, चौकातले दुकानदार येऊन गेले. सगळ्यांनी वाहवा केली, हत्तींजवळ फोटो काढले. नंतर गर्दी ओसरली. ब्लॉक फुटतात म्हणून दारावर ‘अवजड वाहनांना मनाई’ असा फलक लागला होता, त्यामुळे ट्रक थांबायचा प्रश्नच उरला नाही. मोटारी मात्र यायच्या, वेग कमी करायच्या, आतल्या माणसांच्या माना वळायच्या, आणि गाडी पुढे जायची. इतकं चकाचक आहे म्हणजे महागच असणार, असं लोक धरून चालायचे. जे थांबायचे ते कारंज्यापाशी फोटो काढून, एक कॉफी दोघांत पिऊन निघायचे. नागपूरहून आणलेला आचारी स्वयंपाकघरात मोबाइल पाहत बसायचा.

जयवंताला हॉटेलमागच्या घरात आराम करायला सांगितलं होतं. “जन्मभर राबली, आता बस,” धनंजय म्हणायचा, आणि ते तो मनापासून म्हणायचा. पण तिला पहाटेच जाग यायची. हात सवयीने पिठात जायचे. भाकरी थापून झाल्यावर तिला आठवायचं, की खाणारं कोणीच नाही. मग त्या भाकरी ती हॉटेलच्या चौकीदाराला द्यायची. उरलेल्या त्याच्या कुत्र्याला. दिवसभर ती काचेच्या आतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत फिरायची आणि दिसेल त्याच्यावर खेकसायची. अंकितावर सगळ्यात जास्त.

एकदा नागपूरचं एक कुटुंब आलं. जयवंता कारंज्याजवळ पडलेली पानं वेचत होती. त्यातल्या बाईने तिला हाक मारली, “मावशी, जरा टेबल पुसून द्या.” तिने पदरानेच टेबल पुसलं. मग ती बाई वर पाटीकडे पाहून म्हणाली, “मालकीणबाई आहेत का हो? फोटो काढायचा होता त्यांच्यासोबत.”

जयवंतानेही वर पाहिलं.

“त्या बाई बाहेरगावी गेल्या,” ती म्हणाली.

हे तिने हसत सांगितलं खरं, पण मागच्या घरात येऊन तिने पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकून मारला.

त्यानंतर प्रेमदास आला. हिंगणघाटहून कापसाच्या गाठी नेणारा हा ड्रायव्हर रूपराव असल्यापासून तिच्याकडे जेवत होता. त्याने ट्रक दूर चौकात लावला आणि चालत आला. चौकीदाराने त्याला दारातच अडवलं. जयवंताने आतून पाहिलं आणि ती धावतच बाहेर आली.

“अरे, हा घरचा माणूस होय! ये प्रेमदास, आत ये.”

“राहू द्या बाई. पाय भरले हाये माहे. आत फरशी पांढरी हाये.”

“फरशी गेली खड्ड्यात! ये म्हणतो ना मी.”

तिने त्याला ओढत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि स्वयंपाकघरात शिरली. तिथे ज्वारीचं पीठ नव्हतं. चूल तर नव्हतीच. आचाऱ्याने तिला अदबीने सांगितलं, की बाहेरच्यांना आत यायची परवानगी नाही. बाहेरच्यांना! ती घरून पीठ आणते म्हणून मागच्या दाराने निघाली, तर तोवर वाढप्याने प्रेमदासपुढे पनीर आणि एक मऊ रोटी ठेवलीही होती. त्याने अर्धं खाल्लं, पैसे दिले, हात धुतले. तिला टाळूनच निघाला होता, पण दाराशी गाठ पडली.

“जेवला?”

“हाव,” तो म्हणाला. मग खाली मान घालून बोलला, “पण पोट नाई भरलं, बाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धनंजय एक चकचकीत पुस्तक घेऊन आला. त्यात गाड्यांची चित्रं होती. त्याला पांढरी, उंच, मोठ्या चाकांची गाडी घ्यायची होती.

“गाडी काऊन?” जयवंताने विचारलं. “धंदा मंदा हाये म्हणते ना तू?”

“मंदा हाये म्हणूनच. लोकायले दिसलं पाह्यजे, का आपलं चांगलं चालून राह्यलं.”

“आणि नाई चालून राह्यलं त?”

“मंग त अजूनच दिसलं पाह्यजे!”

तिने कपाळावर हात मारला. “धन्या, माह्या टिनात माणसं होते रे. तुह्या काचेत कोण हाये, सांग!”

“तुह्या टिनात माणसं होते,” तो ओरडला, “पण आपल्याले कोणी माणूस समजत होतं काय? मुकेशच्या घरी तुले लोकानं काय म्हटलं ते मी अजून नाई विसरलो. तू विसरली!”

त्याचा आवाज चिरकला होता. इतके दिवस तो हे उराशी धरून बसला असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला जवळ घ्यावं असं तिला एक क्षण वाटलं. पण तोवर तो पुस्तक उचलून निघून गेला होता. गाडी आली. हत्तींच्या मधोमध उभी राहिली.

चौकातले लोक तिला म्हणायचे, “बाई, जागा तुमच्या नावावर हाये. काढा त्याले बाहेर.” ती भडकायची. “लेकराले काढू काय? लाज वाटते काय बोलाले!” आणि घरी आली की त्याच लेकराचं तोंड पाहवत नसे. हॉटेल बंद करवत नव्हतं, चालू पाहवत नव्हतं. धड बोलता येत नव्हतं, धड गिळता येत नव्हतं.

रस्त्याच्या पलीकडे रामाजीचा एक ढाबा होता. चार बाजा, एक तंदूर, बेताचाच धंदा. एके सकाळी जयवंताने तिचा जुना तवा काढला, पीठ मळायची लाकडी काठवट डोक्यावर घेतली आणि रस्ता ओलांडला. रामाजी दात घासत होता. तो घाबरून उठलाच.

“बाई, तुमी कशाले आल्या? काई चुकलं काय माह्याकडून?”

“भाकऱ्या करणारी बाई हाये काय तुह्याकडं?”

“नाई.”

“मंग मले ठेव.”

“असं काय बोलता? तुमी मालकीण…”

“मालकीण ते वरती टांगली हाये. मले काम पाह्यजे, रामाजी. हात सडून राह्यले माहे.”

रामाजीने भीत भीत एक कोपरा दिला. तिने स्वतःच चूल मांडली. ही बातमी ड्रायव्हरांच्या मोबाइलवरून आदिलाबादपर्यंत गेली म्हणतात. पोळा होईपर्यंत रामाजीच्या ढाब्यापुढे ट्रकांची रांग लागू लागली. तिने आणखी एक गोष्ट केली. रामाजीच्या मागे लागून बायांसाठी संडास बांधून घेतला. “माह्या पोराचं म्हणणं होतं ते,” ती म्हणाली, “आणि ते खरं होतं.” धनंजयला मात्र हे तिने कधी सांगितलं नाही.

काचेच्या आतून धनंजयला पलीकडचं सगळं दिसायचं. बरेच दिवस त्याने न पाहिल्यासारखं केलं. मग मुकेशचा फोन आला, की तुझी आई दुसऱ्याच्या ढाब्यावर भाकरी थापते हे खरं का. तसाच तो तडक रस्ता ओलांडून आला. बाजांवर बसलेले ड्रायव्हर खाता खाता थांबले.

“आई, घरी चाल.”

“भाकर तव्यावर हाये.”

“लोक काय म्हणतीन?”

“लोक जेवून राह्यले,” ती म्हणाली. “तुले दिसत नाई काय?”

मागे कोणीतरी हसलं. धनंजयचं तोंड उतरलं. जयवंताला ते हसू सहन झालं नाही. हसणाऱ्यावर तिने असे काही डोळे वटारले, की त्याने ताटात मान घातली. मग तिने एक ताट वाढलं. भरीत, ठेचा, वरची पापडी कुरकुरीत झालेली भाकर, लहानपणी त्याला आवडायची तशी. ताट तिने त्याच्यापुढे सरकवलं.

“बस. सकाळपासून काई खाल्लं नाई तू. मले समजते.”

तो ताटाकडे पाहत राहिला. त्याचा हात किंचित पुढे झाला होता, असं रामाजी आजही सांगतो. पण समोर रस्त्यावर एक मोटार हॉटेलच्या दाराशी हळू झाली, आणि तो ते पाहून वळला.

“गिऱ्हाईक आलं,” तो म्हणाला आणि पळतच गेला. मोटार थांबली नाही. ताट तसंच राहिलं. त्या दिवशी जयवंताही जेवली नाही.

पुढे आचारी सोडून गेला. कॉफी-मंचुरियन बंद झालं आणि धनंजयने ती जागा साखरपुडे, वाढदिवस, निरोप समारंभ यांसाठी द्यायला सुरुवात केली. लोकांना हत्ती आणि कारंजं तेवढ्यापुरतं हवंच असतं. त्यात कसंबसं भागतं. पाटीवरचा फोटो त्याने उतरवला, पाहुणे नको ते विचारू लागले म्हणून. गाडी अजून आहे. तिच्यात बसून तो भाजी आणायला जातो.

अंकिता सुरुवातीला सासूची समजूत घालायला यायची. ओढणीने तोंड बांधून, कोणी ओळखू नये म्हणून. जयवंता तिच्याशी नीट बोलायची नाही. एके दिवशी गर्दी फार होती, तर अंकिता खाली बसली आणि पाटोड्या कापायला लागली. “तिकडं बसवत नाई, आई,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून दुपारी येते. ओढणी हल्ली बांधत नाही.

गेल्या महिन्यात तिकडे एक साखरपुडा होता. मुकेशही आला होता. संध्याकाळी अंकिता इकडे आली ती कोणाकडे न पाहता पाटोड्या कापत बसली. जयवंताने खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. पाहुण्यांपैकी एकाने पलीकडे बोट दाखवून धनंजयला विचारलं होतं, ती तुमचीच आई ना?

“मंग काय म्हणे तो?”

“म्हणे, हो. घरी काही कमी नाही, पण आईला आवड आहे. टाइमपास म्हणून करते.”

जयवंताचा भाकर थापणारा हात थांबला.

“टाइमपास?” ती म्हणाली. “पहाटेपासून पाठ मोडते माही, हाताची सालं निघते, आणि टाइमपास?” तिने पिठाचा गोळा काठवटीत आपटला. उचलला. पुन्हा आपटला. “इतकी वर्षं त्याच्यासमोर केलं रे बाप्पा मी हे. त्याच्याच समोर! त्याले दिसलंच नाई काय?”

तव्यावरची भाकर करपल्याचा वास सुटला होता. बाहेर बाजेवरून एक ड्रायव्हर ओरडला, “बाई, भाकर आणा ना! रस्सा थंडा होऊन राह्यला!”

“आणतो ना!” जयवंता आतूनच कडाडली. “दोनच हात हाये मले!”